लाटव्हियातील यानीची रात्र : परक्याने तिच्यात किती आणि कसे सहभागी व्हावे?

निळीफुले :

नमस्कार. आम्ही पती-पत्नी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी गेल्या दोन वर्षांपासून लाटव्हियाची राजधानी रीगा येथे राहत आहोत. पहिल्या वर्षी २३ जूनच्या दुपारी शहर अचानक ओस पडू लागले, तेव्हा नेमके काय चालले आहे ते आम्हाला उमगलेच नाही. तो यानी होता, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत लहान रात्रींच्या दिवसांत शेकोटीभोवती जागून साजरा होणारा सण. ओकच्या पानांचे जाडजूड मुकुट घातलेले पुरुष आणि रानफुलांचे मुकुट घातलेल्या स्त्रिया गाड्यांत बसून गावांकडे निघाल्या होत्या, आणि कित्येक गाड्यांच्या पुढच्या भागालाही हिरव्या फांद्या बांधलेल्या होत्या. यंदा शेजारच्या बाईंनी, ज्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्सेसिस या गावाजवळच्या त्यांच्या भावाच्या शेतघरी येण्याचे आम्हाला आग्रहाने निमंत्रण दिले आहे. निमंत्रण देताना त्यांनी दोनच अटी सांगितल्या : मुकुट बाजारातून विकत आणायचा नाही, तो तिथल्या कुरणात स्वतः गुंफायचा, आणि सूर्य उगवेपर्यंत झोपायचे नाही.

त्यांचे भाऊ दिएव्तुरी पंथाचे आहेत, म्हणजे लाटव्हियातील जुन्या निसर्गपूजक श्रद्धा पुन्हा आचरणात आणणाऱ्यांपैकी. शेकोटी पेटवताना ते काही विधी करतात असे बाई म्हणाल्या. इथेच माझे मन अडखळले आहे. ज्या श्रद्धा आपल्या नाहीत त्यांच्या विधीत नुसते उभे राहणे हा आगाऊपणा ठरेल का, की बाजूला राहून पाहणे हाच यजमानांचा अवमान ठरेल? शिवाय या परंपरेबद्दल वाचावे तितका गोंधळ वाढतो. कोणी लिहितो की हे सगळे हजारो वर्षांपासून अखंड चालत आले आहे, तर कोणी लिहितो की हे शंभर वर्षांपूर्वी रचलेले आहे. मुलगी विचारते तेव्हा तिला खरे काय ते सांगता यावे, अशी माझी इच्छा आहे. ज्यांनी हा सण जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरवारा :

निमंत्रण मिळाले आहे तर निःसंकोच जा. मी अकरा वर्षांपासून वाल्मिएरा येथे राहतो आणि एका वर्षाचा अपवाद सोडला तर दर यानीला एकाच कुटुंबाच्या शेतघरी जात आलो आहे. पहिल्या वर्षी मी कॅमेरा घेऊन गेलो, रात्रभर कडेला उभा राहून छायाचित्रे काढली आणि एक वाजता झोप अनावर झाल्यावर गाडीत जाऊन पडलो. कोणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी मात्र मी फाटकातून आत शिरताच यजमानीण बाईंनी बर्चच्या फांद्यांची मोळी माझ्या हातात ठेवली आणि खळ्याच्या दाराकडे बोट दाखवले. तेव्हा मला कळले की या सणात पाहणाऱ्यासाठी वेगळी जागाच नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ‘यानीची मुले’ म्हणतात, यजमान हा ‘यानीचा पिता’ आणि यजमानीण ही ‘यानीची माता’ असते, आणि मुलांनी घरात काम करायचे असते, गायचे असते व जागायचे असते.

दिवसांची फोड आधी नीट समजून घ्या. २३ जून हा ‘लीगो’चा दिवस आणि २४ जून हा ‘यानी’चा, दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. २३ तारखेला पूर्वीपासून ‘वनस्पतींचा दिवस’ असेही म्हणतात, कारण त्या दिवशी तोडलेल्या प्रत्येक पानाफुलात विशेष गुण असतो अशी श्रद्धा आहे. दुपारपर्यंत अंगण झाडून होते, फाटकाला बर्चच्या फांद्या बांधल्या जातात, दाराच्या चौकटीत रोवन या झाडाची फांदी खोचतात, कारण ती चेटकिणींना अडवते असे मानतात, आणि जिथे गाई आहेत तिथे त्यांच्याही शिंगांवर फुलांचे मुकुट चढतात. यानीपूर्वी शेत खुरपून झालेले असावे हा दंडक आहे. ज्याच्या वाफ्यात तण उरले असेल त्याची रात्री गाण्यांतून यथेच्छ टर उडवली जाते आणि त्याने रागवायचे नसते, उलट गाण्यातूनच परतफेड करायची असते.

मुकुटाविषयीची अट बाईंनी विचारपूर्वक घातली आहे. स्त्रियांच्या मुकुटासाठी जुनी कल्पना सत्तावीस, म्हणजे तीन वेळा नऊ, प्रकारच्या वनस्पतींची आहे. इतक्या प्रत्येकाला सापडतात असे नाही, पण त्या शोधताना कुरणातला एकेक कोपरा ओळखीचा होतो. डेझी, निळी कॉर्नफ्लॉवर, तांबडे क्लोव्हर, आणि पिवळी फुले व जांभळी पाने एकाच देठावर मिरवणारी ‘नार्बुली’. तीन-चार देठ एकत्र धरायचे, नवा देठ त्यांवर आडवा ठेवून खालून वळवून आणायचा आणि जुन्या देठांच्या बरोबरीने दाबून धरायचा, एवढीच युक्ती आहे. अर्ध्या तासात अंगठ्याचे नख हिरवे होते आणि हाताला कडवट वास लागतो. देठ लांब ठेवून तोडा, कारण नवखी माणसे फूल मानेपाशी खुडतात आणि मग गुंफायला काही उरत नाही. तुमच्या मुलीला हे काम सर्वांत आधी जमेल.

खाण्यात दोनच गोष्टी अपरिहार्य आहेत, बिअर आणि यानीचे चीज. दूध तापवून त्यात आंबट चक्का घालतात, ते फाटले की निवळ काढून टाकून लोणी, अंडे, मीठ आणि शहाजिरे घालून मळतात, आणि तो गोळा कापडात घट्ट बांधून वजनाखाली ठेवतात. कापडाची गाठ जिथे येते तिथे चीजवर मधोमध खळगा उमटतो आणि भोवती किरणांसारख्या घड्या. हा पिवळा वाटोळा गोळा म्हणजे सूर्य, असे सांगण्याची गरजच उरत नाही. गाणी ऐकल्यावर चीज वाटण्याचा मान मातेचा आणि बिअर देण्याचा मान पित्याचा असतो.

आता गाण्यांविषयी, कारण माझ्या मते या सणाचे खरे देऊळ तीच आहेत. लाटव्हियातील लोकगीतांना ‘दाइना’ म्हणतात. बहुतेक दाइना चार ओळींच्या असतात आणि यानीच्या दाइनांत प्रत्येक ओळीनंतर ‘लीगो, लीगो’ हे धृपद येते. या शब्दात झुलण्याचा, डोलण्याचा अर्थ आहे. एक जण ओळ सुरू करतो, बाकीचे ती उचलतात आणि काही जण मागे एकच सूर लांबवत धरून ठेवतात. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५ ते १९२३) यांनी ही गीते चिठ्ठ्यांवर उतरवून, सत्तर खणांच्या एका खास कपाटात लावून ठेवली आणि १८९४ ते १९१५ या काळात २,१७,९९६ गीतपाठ प्रसिद्ध केले. ते कपाट आज रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत त्याची नोंद झाली. जाण्यापूर्वी मुलीला घेऊन ते जरूर पाहून या. एवढ्याशा चिठ्ठीवर एक आख्खे गीत मावते, हे पाहिले की रात्रीचे गाणे वेगळेच ऐकू येते.

तुम्हाला दाइना येत नसल्या तरी ‘लीगो’ म्हणता येते. तेवढे म्हणा. मोठ्याने म्हणा.

जुनीपाने :

उत्तरवारा यांनी सणाचे अंतरंग उत्तम मांडले आहे, म्हणून मी केवळ ‘हे किती जुने’ या प्रश्नापुरते लिहिते. युरोपातील लोकाचारांचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी उत्तर युरोपात या दिवसांत नेमके कोणते विधी होत, हे सांगणारे त्या लोकांचे स्वतःचे लेखन उरलेले नाही. जे उरले आहे ते बहुतांशी मनाई करणाऱ्यांचे. सातव्या शतकातील बिशप एलिजियस यांच्या चरित्रात, संत जॉनच्या दिवशी, म्हणजे २४ जूनला, नाचू नका, उड्या मारू नका, सैतानी गाणी गाऊ नका, अशी ताकीद आढळते. आणि मनाई करावी लागली म्हणजे लोक ते करत होते, एवढे निश्चित. आपल्या भागापुरते पाहिले तर सोळाव्या शतकात शेजारच्या, आजच्या एस्टोनियातील टॅलिन येथील धर्मोपदेशक बाल्थाझार रुसोव याने आपल्या बखरीत, संत जॉनच्या रात्री सगळ्या देशभर आनंदाचे जाळ पेटतात आणि लोक त्यांभोवती नाचतात, गातात, उड्या मारतात, असे नोंदवून ठेवले आहे. रीगा शहराची स्थापना १२०१ ची आणि ख्रिस्तीकरणही त्याच सुमाराचे, तेव्हा रुसोवच्या काळापर्यंत साडेतीनशे वर्षे उलटून गेली होती, तरी आग पेटतच होती.

तारखेचा उलगडाही यातूनच होतो. सूर्याचे दक्षिणायन २१ जूनच्या सुमाराला सुरू होते, पण सण २४ तारखेचा आहे. रोमन पंचांगात सर्वांत मोठा दिवस २४-२५ जूनचा मानला जाई. येशूच्या जन्माआधी सहा महिने बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनचा जन्म झाला असे शुभवर्तमानातील कथेवरून ठरत असल्याने चर्चने जॉनचा जन्मदिवस तिथेच बसवला. ‘यानिस’ हे नाव जॉनचेच लाटव्हियन रूप आहे. म्हणजे सणाचे नावच ख्रिस्ती संताचे, आणि दाइनांतला यानिस मात्र शेतातून चालत येणारा, पिकांना भरभराट देणारा, संतापेक्षा कितीतरी जुन्या वळणाचा. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

याउलट काही गोष्टी निःसंशय अर्वाचीन आहेत. इंग्रजी भाषेतील अनेक निसर्गपूजक या दिवसाला ‘लिथा’ म्हणतात; ‘लिथा’ हा शब्द इसवी सन ७२५ मध्ये बीड या भिक्षूने जून आणि जुलैच्या अँग्लो-सॅक्सन नावांत नोंदवलेला आहे, परंतु सणाचे नाव म्हणून तो एडन केली या अमेरिकन लेखकाने १९७४ मध्ये योजला. स्वीडनमधील फुलापानांनी सजवलेला उंच खांब प्राचीन नॉर्स धर्मातला आहे असे हमखास सांगितले जाते, पण तो मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मन भूभागातून तिकडे आला असावा असे अभ्यासक मानतात. आणि तिथला सण शुक्रवार-शनिवारी येतो तो तर १९५३ च्या शासकीय निर्णयामुळे. तुमच्या शेजारीण बाईंच्या भावाचा दिएव्तुरी पंथही १९२५ मध्ये एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाइनांच्या आधारे उभा केला. ब्रास्तिन्श हे चित्रकार होते आणि लाटव्हियातील प्राचीन टेकडी-किल्ल्यांची त्यांनी पायी फिरून मोजणी केली होती. सोव्हिएत सत्तेने त्यांना अटक केली आणि १९४२ मध्ये गोळी घालून मारले. म्हणून ‘हे शंभर वर्षांपूर्वी रचलेले आहे’ असे वाक्य कोणी हिणवण्याच्या सुरात उच्चारले की मला वाईट वाटते. पंथ शंभर वर्षांचा आहे, ज्या गीतांवर तो उभा आहे ती त्याहून फार जुनी आहेत, आणि दोन्ही जपण्यासाठी माणसांनी मोठी किंमत मोजली आहे. मुलीला हे असेच, तारखांसह सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला ते नीट समजते.

नेरिसकाठ :

मी विल्नियसमध्ये असतो, म्हणून शेजारच्या लिथुएनियाची थोडी भर घालतो, कारण ‘ज्या श्रद्धा आपल्या नाहीत’ या शंकेशी तिचा थेट संबंध आहे. इथे हाच सण ‘रासोस’ म्हणून ओळखला जातो. या शब्दाचा अर्थ दव. नेरिस नदीच्या काठी केर्नावे येथे पाच प्राचीन टेकडी-किल्ले आहेत, ज्यांचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९६७ मध्ये, सोव्हिएत राजवट ऐन भरात असताना, लोकसंस्कृतीवर प्रेम करणाऱ्या तरुणांनी तिथे उघडपणे रासोस साजरा केला. त्यांतले एक प्रमुख होते योनास त्रिन्कूनास. पुढे १९७३ मध्ये त्यांना विद्यापीठातून बाहेर पडावे लागले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ‘रोमुवा’ हा निसर्गपूजक समाज नोंदवला आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे नेतृत्व केले. २०११ च्या जनगणनेत ५,११८ जणांनी या समाजाचे नाव आपला धर्म म्हणून लिहिले होते. संसदेने २०१९ मध्ये त्यांना राज्यमान्यता नाकारली, २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि अखेर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

हे सांगण्याचे कारण असे की विधी करणारी ही माणसे नाटक करत नाहीत. मी केर्नावेला तीन वेळा गेलो आहे. फुलांनी सजवलेल्या कमानीतून आत जायचे, मावळत्या सूर्याला निरोप द्यायचा, अग्नी पेटवायचा, मध्यरात्रीनंतर मेणबत्ती लावलेले मुकुट नदीत सोडायचे आणि पहाटे टेकडीवर जाऊन उगवत्या सूर्याची वाट पाहायची, असा साधारण क्रम असतो. कोणीही मला ‘तुझा धर्म कोणता’ असे विचारले नाही. अग्नीभोवतीच्या फेरात माझा हात धरून मला ओढणारी एक आजी होती, आणि तिने फक्त एवढेच सांगितले की अग्नीत काही थुंकायचे किंवा कचरा टाकायचा नाही. माझा अनुभव असा की शांतपणे उभे राहणे, फेरात हात देणे आणि गाणे म्हणणे यांत कोणतीही दीक्षा नसते. एखादी प्रार्थना स्वतःच्या तोंडून म्हणणे तुम्हाला पटत नसेल तर ती वेळ मौनाने घालवा. ते तिथे खटकत नाही. खटकते ते विधी चालू असताना पाठ फिरवून फोनवर बोलणे.

निळीफुले :

तिघांचेही मनापासून आभार. जुनीपाने यांचा मजकूर मी पतींना वाचून दाखवला आणि ब्रास्तिन्श यांच्याविषयी वाचताना माझा आवाज अडला. आम्ही जाण्याचे निश्चित केले आहे, आणि कपाटही पुढच्या आठवड्यात पाहणार आहोत.

दोन व्यावहारिक शंका उरल्या आहेत. मुलीने शेकोटीवरून उडी मारण्याचे ऐकले आहे आणि तिला ती मारायचीच आहे. दुसरे म्हणजे शेजारीण बाईंनी तिला ‘नेच्याचे फूल’ शोधायला जंगलात नेण्याचे कबूल केले आहे. नेच्याला फूल येत नाही हे तिला शाळेत शिकवलेले आहे आणि ती तसे त्यांना तोंडावर सांगेल, अशी मला धास्ती वाटते. कुरणात आणि जंगलात काही धोका असेल तर तेही सांगावे.

कुरणवाट :

धोक्यांचे मी सांगते, कारण वनस्पती ओळखणे हेच माझे काम आहे. सर्वांत पहिली आणि कळकळीची सूचना : माणसापेक्षा उंच, छत्रीसारखे मोठे पांढरे फुलोरे आणि हातभर कातरलेली पाने असलेली वनस्पती रस्त्याच्या कडेला किंवा पडीक शेतात दिसली तर तिला हात लावू नका. हिला इथे ‘लत्वानिस’ म्हणतात. सोव्हिएत काळात ती गुरांच्या चाऱ्यासाठी लावली गेली आणि नंतर मोकाट पसरली. तिचा रस त्वचेवर लागून त्यावर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. फुले दिसायला इतकी देखणी असतात की मुकुटासाठी तोडण्याचा मोह एखाद्या मुलाला सहज होईल, म्हणून मुलीला आधी दाखवून ठेवा. चुकून रस लागलाच तर ताबडतोब साबणाने धुऊन तो भाग दोन-तीन दिवस उन्हापासून झाकून ठेवावा.

दुसरी गोष्ट गोचिडींची. त्यांच्यामुळे होणारा मेंदूज्वर लाटव्हियात आढळतो. त्यावर लस आहे, ती मात्र काही आठवडे-महिन्यांच्या अंतराने घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांना आजच विचारा. कुरणात जाताना लांब बाह्या, मोज्यांत खोचलेली विजार आणि घरी परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत व केसांत नीट तपासणी, एवढे केलेच पाहिजे. रानातल्या ऑर्किडची फुले तोडू नका, त्या संरक्षित वनस्पती आहेत. यजमानीण बाई ओळखून सांगतील. बाकी सगळे मनसोक्त तोडा, पण एका ठिकाणची सगळी फुले न ओरबाडता. पिवळ्या फुलांची ‘आसिन्झाले’ मिळाली तर मुलीला तिची कळी बोटांत चिरडायला सांगा. बोटे तांबडी होतात. ‘आसिन्झाले’ म्हणजे रक्तवनस्पती, आणि हे नाव का पडले ते तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तरवारा :

उडीबद्दल : ज्वाळा उंच असताना कोणीही उडी मारत नाही. मुख्य शेकोटी सूर्यास्तापूर्वी पेटवतात आणि सूर्योदयापर्यंत विझू देत नाहीत, आणि कित्येक ठिकाणी उंच खांबाच्या टोकाला डांबराचे पिंप पेटवतात, ज्याचा उजेड जितक्या दूर पडेल तितक्या शेतांना बरकत येते असे मानतात. उडी मारायची ती पहाटेकडे, जाळ बसल्यावर, किंवा बाजूला पेटवलेल्या लहान आगटीवरून. मुलीच्या अंगात सुती किंवा लोकरी कपडे असू द्या, नायलॉन मुळीच नको, केस बांधलेले असू द्या, आणि तुम्ही दोघे दोन्ही बाजूंना हात धरून तिच्याबरोबर उडी मारा. गेल्या वर्षीचे वाळलेले मुकुट त्याच आगीत टाकतात. तुमच्याकडे ते नाहीत, पुढच्या वर्षी असतील.

नेच्याच्या फुलाविषयी काळजी करू नका. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की नेचा बीजाणूंनी वाढतो आणि त्याला फूल येत नाही. हे फूल फक्त याच रात्री उमलते असे म्हणून तरुण जोडपी जंगलात जातात, आणि ती फूल शोधायला गेली होती असे सकाळी सगळे जण हसून म्हणतात. लहान मुलांना मोठी माणसे नेतात ती जंगल ऐकवण्यासाठी. माझ्या यजमानीण बाईंच्या नातीने हाच आक्षेप एकदा घेतला होता. आजीने तिला ओल्या नेच्याचे पान उलटून मागच्या बाजूचे तपकिरी ठिपके विजेरीच्या उजेडात दाखवले आणि म्हणाली, ‘बरोबर आहे तुझे, हे बघ तुझे बीजाणू, आता गप्प राहा, घुबड ऐक.’ ती मुलगी पुढे अर्धा तास एक शब्द बोलली नाही.

अंधाराचीही भीती नको. त्या दिवशी सूर्य रात्री साडेदहाच्या जरा आधी मावळतो आणि साडेचारच्या सुमाराला उगवतो; मधल्या काळातही उत्तरेच्या क्षितिजावर फिकट उजेड राहतो, त्यामुळे झाडांच्या कडा रात्रभर दिसत असतात. सर्वांत कठीण वेळ तीन ते चारची. गाणी मंदावतात, थंडी वाजते, मुले पेंगतात. जाड स्वेटर आणि घोंगडी जवळ ठेवा, त्या वेळी मुलीला घोंगडीत गुंडाळून शेकोटीजवळच बसवा, घरात नेऊ नका. सूर्याची कड दिसताच सगळे उठून पुन्हा गातात आणि मग अनवाणी कुरणात जाऊन दोन्ही तळहातांनी गवतावरचे दव गोळा करून तोंड धुतात. दव फार गार असते. तिला आधी सांगू नका.